मायचा स्पॅनिश धडा

अकोला, ९ ऑक्टोबर १९६५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गव्हाच्या प्रशिक्षणासाठी वर्षभर मेक्सिकोला जाण्याकरता माझे नाव पक्के झाले. पण नकार कळवावा म्हणतो. दसऱ्याला हे सांगितल्यापासून माय गप्प झाली. निघालो तेव्हा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तिचा राग घेऊन इतक्या लांब कसा जाऊ?

स्पॅनिश चालू आहे. शेतावरच्या माणसांना 'असे करू नका' सांगता यावे, म्हणून नकाराचा धडा घेतला. 'बोल' म्हणजे 'आब्ला', पण 'बोलू नकोस' म्हणजे 'नो आब्लेस'. 'आ'चा 'ए' होतो. 'खा' म्हणजे 'कोमे', 'खाऊ नकोस' म्हणजे 'नो कोमास', तिथे उलटे. आपले बरे, नुसते 'नको' जोडले की झाले.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भगवंत

सुलतानपूर, १३ ऑक्टोबर १९६५

चि. भगवंतास,
अ. उ. आ.

पत्र मायला वाचून दाखवले. मले काऊन राग येईन, जाणाऱ्याले टोकत नाहीत हे त्याच्या कालेजात शिकवत नाहीत काय, असे तिने मलाच सुनावले. जणू कॉलेज मी काढले होते. दूर जायचे ठरलेल्याला कुठे, कधी, नको असले काही म्हणायचे नाही, म्हणून ती तोंड मिटून होती. हे तुला कळवणे म्हणजेही टोकणेच की काय, असा प्रश्न मला पडला. पण गैरसमज त्याहून वाईट.

मग तिने धडा पुन्हा वाचायला लावला. त्या भाषेत नको म्हटले तर टोकल्यासारखे होत नाही, असा निकाल तिनेच दिला. उपाशी राहू नको, एवढे तिला म्हणायचे आहे. तुझ्या पत्रात नेमके 'खाऊ नकोस' आहे! हवे ते कळव, आणि नकार पाठवू नकोस.

वाट पाहणारी,
ताई

अकोला, १७ ऑक्टोबर १९६५

ती. ताईस,
शि. सा. न.

'नो आयुनेस.' मायकडून घोकवून घे. साहेबांना होकार कळवला.

तुम्हा दोघींचा,
भगवंत

सुलतानपूर, २० डिसेंबर १९६५

चि. भगवंतास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचे पत्र आले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. एस.टी.च्या खिडकीशी मायने तुला स्पॅनिश ऐकवले, तेव्हा कंडक्टरला वाटले म्हातारी मंत्र घालते आहे. गाडी वळली आणि ती मराठीत सुरू झाली. थंडीत उघडा हिंडू नको, कोणाशी भांडू नको, रात्री वाचत बसू नको... घर येईपर्यंत थांबली नाही. सगळे लिहीत नाही. शेवटचे तेवढे कळवते, कारण ते म्हणताना ती रस्त्यातच खाली बसली: तिकडचाच होऊन राहू नको.

दोघींची माया तुझ्यापाशी आहे.
ताई