केतनबद्दल विचारलंस म्हणून

फेल्डहोवन,
१३ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम.

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय, हसू नकोस. घर लहान आहे, फोनवर बोललं की मृण्मयीला सगळं ऐकू जातं. आणि फोनवर तू ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस.

मृण्मयीचंच लिहायचंय. तेरा वर्षांची झाली, पण दर सोमवारी पोटात दुखतं. महिन्याभरात चारदा सायकलची हवा गेली. काटा लागला म्हणते. परवा तिच्या वर्गाचा ग्रुप पाहिला. तिच्या डच बोलण्याची नक्कल, डब्याच्या वासावरून नाकं दाबलेले फोटो, आणि खाली सगळ्यांचं हसणं. अभिजित बाप असून म्हणतो, मुलं चिडवतातच, होईल शांत.

काल वेणी घालताना ती इंग्रजीत म्हणाली की मी नसते तर सगळ्यांनाच सोपं झालं असतं. मग स्वतःच हसली. मी घाईघाईनं विषय बदलला. तू इतकी वर्षं मुलांना शिकवलंस. हे वयाचंच असेल ना?

वहिनींना जयभीम. तुझं लक्ष असू दे.

तुझी
दीपा

---

नागपूर,
१३ जानेवारी २०२५

चि. दीपास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

वयाचं नाही. विषय बदलू नकोस.

केतन गेल्यापासून सहा वर्षांत मी त्याचं नाव कागदावर लिहिलं नव्हतं. आज लिहितो. एका रविवारी हॉस्टेलवरून त्याचा फोन आला. म्हणाला, पोरं आडनावावरून बोलतात, जेवायला शेजारी बसत नाहीत. मग म्हणाला, बाबा, मी नसलो तर तुमचं काय अडणार आहे? मी पेपर तपासत होतो. म्हटलं, लक्ष देऊ नको, अभ्यास कर. एकोणीस दिवसांनी वॉर्डनचा फोन आला.

त्या एकाच गोष्टीमुळे झालं असं मी म्हणत नाही. काय काय साचलं होतं ते मला कधी कळणार नाही, कारण मी विचारलंच नाही.

तू आजच विचार. आडून नको, सरळ विचार की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं ते मनात भरत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ती काही म्हणाली तरी रागावू नकोस. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. तिला एकटी ठेवू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. अभिजितला हे पत्र वाचायला दे.

कळव. दोन ओळी चालतील.

राजानंद

---

फेल्डहोवन,
२४ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम.

त्याच संध्याकाळी विचारलं. एरवी इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोरगी मराठीत म्हणाली, हो, कधीकधी वाटतं. मी तिला धरून बसले. मग ती तासभर बोलली. शेवटी म्हणाली, तू ओरडशील असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अभिजितनं रजा घेतली. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टर, तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि त्याच आठवड्यात समुपदेशकांची वेळ मिळवून दिली. जीव घाबरला तर केव्हाही फोन करायचा नंबरही दिला. शाळेत वर्गशिक्षिका आधी म्हणाल्या, गंमत असते मुलांची. अभिजितनं सगळे फोटो पुढे ठेवले तेव्हा त्यांनी त्या मुलांच्या पालकांना बोलावलं. एका मुलीनं माफी मागितली. बाकीच्यांनी नाही.

ती बरी झाली असं लिहिणार नाही. सध्या अर्धाच दिवस शाळेत जाते, मी दारापर्यंत सोबत असते.

दादा, केतन आजारानं गेला असं आपण तिला सांगितलं होतं. आता खरं सांगितलं. तिनं विचारलं, तो कसा होता? मला धड सांगता येईना. तू सांगशील?

तुझी
दीपा

---

नागपूर,
२६ जानेवारी २०२५

चि. मृण्मयीस,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद.

केतनबद्दल विचारलंस म्हणून लिहितो. तो उंच होता, वांग्याची भाजी पाहून पळायचा, आणि बंद पडलेले पंखे दुरुस्त करायचा. तू तीन वर्षांची असताना त्यानं तुला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीला नेलं होतं.

तुझा प्रश्न मी काल मामीला वाचून दाखवला. या घरात आम्ही एकमेकांसमोर त्याचं नाव घेत नव्हतो. मामी म्हणाली, त्या महिन्यात त्यानं तिलाही फोन केला होता. खूप रडला होता. मला ताप येऊन गेला होता, म्हणून तिनं मला सांगितलं नाही. आणि माझ्याशी तो काय बोलला, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. अर्धं तिच्याकडे होतं, अर्धं माझ्याकडे.

तू आईला सांगितलंस, आईनं बाबाला. पोरी, आमच्या घरात तेवढंच झालं नाही.

मराठी चुकलं तरी लिही. मामी शेजारी बसली आहे, म्हणते तिचंही नाव घाल.

तुझे
राजानंदमामा आणि मामी