गोठ्यातला दवाखाना

मु. कारंडेवाडी (म्हसवडजवळ),
ता. ९ मार्च १९६४

ती. दाजींच्या पायांवर धाकटा मेव्हणा केरबा डोकं ठिवतो. आमी सगळी खुशाल हाय. तुमचा गुडघा, फलटणचा ऊस आन् आमची आक्काताई कशी हायती ते कळवावं. (गुडघा आधी घातला, कारण त्याच्याविषयी तुमी सोताच पानभर लिवता.)

मागच्या पत्रात तुमी लिवलं, सरकारी दवाखाना म्हंजे रंगीत पानी देऊन गरिबाची समजूत काढायची जागा. पलटणीत पंधरा वर्सं काढलेला मानूस मी, वरच्याला उलट बोलत न्हाई. पर हितं तुमी चुकलाय, दाजी. कसं ते सांगतो.

जिल्हा परिषदेनं आमच्या गावाला उपकेंद्र मंजूर केलं. म्हंजे कायमची एक नर्सबाई, औषधाची पेटी, आन् पंधरवड्याला डॉक्टर. अट एकच, खोली गावानं द्यायची. ग्रामसभेत टाळ्या कडाडल्या, आन् खोलीचा इषय निघाला तशी निम्मी सभा तंबाखू मळाय लागली. कुनाच्या खोलीत कांदा, कुनाच्या खोलीत पाव्हनं. खरं कारण येगळंच. नर्सबाई, हरणाबाई त्यांचं नाव, औंधकडच्या बौद्ध घरातल्या, आन् हे मोठ्यानं म्हनायची कुनाची छाती न्हवती. मग मी उठलो आन् माझा गोठा दिला. (बायकूला, बयाबाईला, न इचारता. चार दिस ती माझ्याशी बोलली न्हाई. माझ्यादेखत बैलांशी मात्र लय बोलायची.) शेन काढलं, चुना मारला, हरणाबाईंनी दारावर पाटी लावली.

पर पेशंट येईना. आमची मानसं लाजरी, फुकट म्हटलं की आनखी लाजरी. तेवढ्यात कळलं, जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासनीला येनार, आन् पेशंटांची नावं लिवायची वही कोरी दिसली तर उपकेंद्र शेजारच्या गावाला जानार. म्हटलं, भरती कशी करायची हे केरबा हवालदाराला शिकवाय नगं. खडी फोडनारी, खुरपनारी अशी वीस मानसं दारात रांगेत हुभी केली आन् एकेकाला आजार वाटून दिला. ज्ञानूला पोटदुखी, रंगूबाईला कंबर, यल्लाप्पा पाथरवटाला खोकला. त्याची बायको बनुबाई आठ महिन्यांची गरवार, म्हनून तिला बसल्या जागी झेपंल अशी डोकंदुखी दिली. हरणाबाई म्हनाल्या, हे बरं न्हवं. मी म्हटलं, बाई, तुमी वही उघडा.

साहेब आले. ज्ञानू आपलं पोट इसरला आन् रंगूबाईची कंबर सांगून मोकळा झाला. साहेब हसले न्हाईत. एकेकाला नीट तपासत गेले. रंगूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, ज्ञानूच्या अंगात रगतच कमी. विसातले बारा जन खरोखर आजारी निघाले, दाजी, आन् मी दिलेला आजार त्यातल्या एकालाबी न्हवता. बनुबाई सोडून.

तिच्या दंडाला पट्टा बांधला, सुजलेले पाय दाबून बगितले, आन् साहेबांचा चेहरा बदलला. डोकं कवापासनं दुखतंय म्हनून त्यांनी इचारलं.

"पंधरा दिस झालं," बनुबाई म्हनाली. "आजपातूर कुनी इचारलंच न्हाई."

माझी मान खाली गेली. ती डोकंदुखी मी तिला सोंग म्हनून दिली हुती.

रगताचा दाब लय चढलाय, आई-लेकराच्या जिवाला धोका हाय म्हनून साहेबांनी तिला तशीच सोताच्या जीपमधी सातारला न्यायची ठरवली, हरणाबाई संगं बसल्या. जीप सुटताना मला म्हनाले, "हवालदार, इथून पुढे नुसती माणसं आणा. आजार आम्ही शोधू."

महिन्यानं बनुबाई पोरीला घिऊन येष्टीतनं उतरली. पोरगी मुठीएवढी, पर आवाज सुभेदाराचा. न्यायला-आनायला गेलेल्या हरणाबाईंच्या हातातली पिशवी यल्लाप्पानं घेतली आन् पुढं चालाय लागला. त्या दिवसापासनं वही भरतिया.

दवाखाना न्हवता तवर आमच्या गावात आजारी कुनी न्हवतंच, दाजी. मानसं नुसती मरत हुती. योजना दिल्लीत लिवत असतील, पर ती वाडीपातूर आली पायजे, आन् येती, मी डोळ्यांनी बगितली. डॉक्टर दर आठवड्याला यावा म्हनून दोनशे अंगठे उठवून अर्ज धाडलाय. मंजूर हुनारच.

आपला आज्ञाधारक,
केरबा

ता. क. गेल्या रविवारी मी फलटणला येऊन गेलो, तुमी कारखान्यावर हुता. आक्काताईला तीन महिनं खोकला हाय, सांजचा बारीक ताप येतो. पदरावरचं रगत तिनं मुठीत लपवलं आन् दाजींना सांगू नगंस म्हनाली. तिला छातीच्या फोटोला सातारला न्यायचीया. पुढचं औषध सरकारातनं मिळतं. एवढ्यासाठीच हे सगळं लिवलं.

आनखी ता. क. उत्तर धाडायची तसदी नगं. शुक्रवारच्या पहिल्या येष्टीनं मी येतोय, तिची कापडं बांधून ठिवा. तुमीबी चला. तिच्याशेजारी बाकावर तुमी बसलेलं तिला बरं वाटंल.