कव्हराची कोरी बाजू

हिंगणी
ता. १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

नाई वो रुख्मे, मले या वयात सिनेमात येयाचा शौक नाई आला. कोनी इचारलं नाई, पन तुह्या कानावर गेलंच असन, अन् तुह्या मनात हेच येईन, म्हनून आधीच सांगून ठेवतो. आशीर्वाद राह्यलाच, तो घे. मनोहरराव भाऊजीले रामराम. भूपेंद्रले अन् सुनेले आशीर्वाद. आमी सगळे बरे. तुहे भासरे, आमच्या घरचे, खोकतात, पन बिडी सोडत नाई, म्हंजे बरेच आहेत.

फोन काऊन नाई केला म्हनशीन. फोनवर तू मधातच बोलतं अन् माहं डोकं फिरते. कागद मधात बोलत नाई. तू सातवी शिकलेली, मी चौथी, त चुका काढत बसू नोको. चिठ्ठी गुंजनच्या हातानं देऊन राह्यली. पोट्टी वाचन म्हनून गोंद लावला आहे. फाडतानी सांभाळून फाडजो.

भूपेंद्रच्या लग्नाचं मी या कागदात काहाडनार नाई. ते झालं गेलं.

बातमी अशी आहे. माही नात गुंजन वर्ध्याले कॉलेजात जाते ते तुले माहीत आहे. तिथी सिनेमा, पेपर, रेडिओ असं सगळं शिकवतात. पोराईले काम देल्लं, येक गानं घ्या, त्याचा व्हिडिओ बनवा, अन् अल्बमचं कव्हर बी बनवा. पुठ्ठ्याचं, घडी उघडनारं, आतमधी सिडी. म्या म्हनलं, आता सिडी कोन लावते, कोनाच्या घरी मशीन तरी राह्यली का? त म्हने, "आजी, लावासाठी नाई, शिकासाठी आहे." असे बी कामं असतात आता.

बाकीच्या पोट्ट्याईनं मोटरसायकलीवरचे गाने घेतले. आपल्या पोट्टीनं काय घेतलं असन? आपलं कापूस वेचनीचं गानं. मी वांग्याच्या वाफ्यात बसून तोंडातल्या तोंडात म्हनत होती, तिनं मांगून आयकलं. "हे कोनतं गानं वो आजी?" म्या म्हनलं, काही नाई, माशा हाकलून राह्यली. तरी धरून बसली. तुह्या भासऱ्यावर गेली. येकदा धरलं का सोडत नाई.

मंग सुरू झाली तिची खोज. आधी वर्ध्याच्या येका दुकानातून जुन्या कॅसेटीचे कव्हर आनले थैलीभर, अन् माह्या खाटेवर पसरले. मले झोपाले जागा नाई, अन् ही उकिडवी बसून येक येक कव्हर पाहून राह्यली. चित्र कसं आहे, नाव कुठी आहे, अक्षर केवढं आहे. म्या म्हनलं, रद्दीत काय सोनं सापडलं? त म्हने, "आजी पाह्य ना, सगळ्याईवर नटलेली बाई मोठी, अन् जिनं गायलं तिचं नाव मुंगीएवढं." म्या चष्मा लावून पाह्यलं. खरंच होतं वो. इतके वर्ष कॅसेटी आयकल्या, आपल्या कधी डोळ्यात नाई आलं.

मंग गावात फिरली फोन घेऊन. बायाईले इचारे, "मावशी, वेचनीचं गानं आयकलं का कोनता रंग डोळ्यापुढं येते?" तानबाची बायको म्हने, "मले रंग नाई येत, घाम येते." पोट्टीनं ते बी लिहून घेतलं. मंग कागदावर चौकोन पाडून चित्रं काढले, ठिगळाची गोधडी जशी. येका चौकोनात वावर, येकात हात, येकात बोंड. कोनत्या चौकोनाले कोनती ओळ वाजन ते खाली लिहिलं. म्या म्हनलं, गानं म्हनाचं आहे का घर बांधाचं? त म्हने, "प्लॅनिंग, आजी."

मले हा तमाशा आवडत नाई, तुले माहीत आहे. पन फोटो काढाच्या दिवशी मी लग्नातलं जरीचं लुगडं नेसून तयार झाली. खोटं काय बोलू. पोट्टी हसून हसून लोळली. म्हने, "आजी, हे काढ. तू वेचाले जातं तशी पायजे." म्हंजे लुगड्यावर आपल्या घरच्याचा फुलबाह्याचा शर्ट, डोक्याले फडकं, कमरेले कापूस ठेवाची ओटी. मी म्हनलं, लोक हसतीन. पोट्टी म्हने, "हसू दे. हाच आपला ड्रेस आहे." मंग तुह्या भासऱ्याचा चौकड्याचा शर्ट घातला. ते म्हनतात, "माहा शर्ट सिनेमात, अन् मी वावराच्या कडेले, धुऱ्यावर!" त्याईले म्या सांगितलं, तुमी खोकता, तुमाले कोन घेईन.

हसू दे, असं म्हनली ती. लक्षात ठेवजो.

आवाज घेतला मधल्या घरात. भिंतीले गोधड्या टांगल्या, पंखा बंद, कोंबड्या हाकलल्या, तुहे भासरे बी हाकलले. फोन तोंडाशी. मी आपली ओळ म्हनली, थांबली, मंग माही दुसरी ओळ म्हनली, थांबली. जसं वावरात म्हनतो तसं, समोरचीच्या ओळीले जागा सोडून. कशी म्हनली ते मी सांगत नाई. गुंजनची मैत्रीण आहे रोशनी, काम्पुटरवर तीच करते सगळं, तिनं हातावर हात घासून दाखवले, कसा काटा आला त.

आठ-दहा दिवसानं दोघी घरी आल्या. "आजी, आयक." आयकलं. सुरवातीले बरं वाटलं, आपलाच आवाज पन भरलेला. मंग जिथी थांबाचं होतं तिथी काही थांबेच ना. रोशनीले ती जागा रिकामी वाटली. तिनं माहाच आवाज उचलून, पतला करून, त्या जागेत टाकून देल्ला. मीच इचारून राह्यली, ओटी भरली का? अन् मीच मांगून बारीक आवाजात इचारून राह्यली, ओटी भरली का? अशी येडी बाई कुठी पाह्यली का तू?

पन मले हसू नाई आलं. सासूबाईनं काय सांगितलं होतं? समोरचीची ओळ आपल्या तोंडात घेयाची नाई. समोरची वावरात नसली त तेवढा दम धराचा अन् पुढं जाचं. ती ओळ दुसऱ्याच्या तोंडात जाते ते समोरची मेल्यावर. सासूबाई गेल्या तवा त्याईच्या जागी तू उभी राह्यली, हातभर घुंघट घेऊन. मी इकडून म्हनलं, अन् तुहा आवाज आला नाई आधी, मंग आला. मले वाटलं, बाई, ही पोट्टी त विहिरीतून बोलून राह्यली.

त मी उठून उभी राह्यली अन् वरडली, "काढ ते! रुख्मी जिती आहे!"

तुहं नाव या घरात बम दिवसानं निघालं, अन् ते बी असं. रोशनी बिचारी रडाले आली. गुंजन माह्याकडं पाहे. म्हने, "छोटी आजी गाते?"

तिले माहीतच नाई वो, रुख्मे. घरच्या नातीले माहीत नाई.

म्या म्हनलं, "गात होती." ती म्हने, "मंग आता काऊन नाई?" म्या म्हनलं, भाजी जळून राह्यली, अन् अंदर गेली. गॅसवर काही नव्हतं.

आता निघालंच आहे त सांगतो. काहाडनार नव्हती. तुह्या भूपेंद्रच्या हळदीच्या दिवशी, त्या वर्ध्याच्या हॉलात, म्या गानं सुरू केलं. तुह्या पोराचं लगन, आपलं गानं, आनखी कोनतं म्हनीन? माही ओळ झाली, मी तुह्याकडं वळली. तू तुह्या इहिनीकडं, सुनेच्या मायकडं पाह्यलं. त्या नागपूरच्या बाया तोंडाले रुमाल लावून हसून राह्यल्या होत्या. अन् तू म्हनली, "बाई, राहू द्या आता, डीजेवाला थांबला आहे."

बस येवढंच. तू काही शिवी नाई देल्ली. मी जेवून निघाली, लोक म्हनतीन म्हनून. जिलेबी बी खाल्ली. पन ती ओळ तिथीच राह्यली, हॉलात. गुंजन तवा लहान होती; तवापासून मी वेचनीले जातो, पन तोंड बंद ठेवून जातो. तू वर्ध्याजवळ सिंदी मेघ्याले राहाले गेली ते चांगलंच केलं, भूपेंद्रची नोकरी तिथी. त्याचा मले राग नाई. मले राग कसाचा आहे ते तुले आता कळलं असन. नसन कळलं त मी काही दुसऱ्यांदा सांगत नाई.

मागच्या आठवड्यात कॉलेजात सगळ्या पोराईले आपापलं प्लॅनिंग पुढं उभं राहून सांगाचं होतं. गुंजन म्हने, "आजी, तू चाल." म्या म्हनलं, मी तिथी काय करू. तरी गेली. मागच्या बाकावर बसली. पडद्यावर मोठमोठे चित्रं. बाकीची पोरं कागद पाहून वाचत होती. आपल्या पोट्टीच्या हातात कागद नव्हता.

तिनं ते गोधडीचे चौकोन दाखवले. माही ओळ वाजली, फोटोत मी, शर्टात, ओटी बांधलेली. मंग आवाज बंद. रोशनीचं ते पतलं भूत काढून टाकलं होतं. पडद्यावर नुसत्या वावराचा फोटो, पांढरं वावर, पल्याडचा धुरा, अन् तिथी कोनी नाई. चांगला लांब दम. मंग कव्हर दाखवलं. शर्टाच्या चौकड्याच्याच छाप्याचं आहे. घडी उघडली का उजव्या बाजूले मी, तोंड उघडं. डावी बाजू कोरी. खाली मोठ्या अक्षरात माहं नाव. माहं, रुख्मे, धुरपता सदाशिवराव, या बोटाएवढं. त्याच्यापुढं "आणि". अन् आणिच्यापुढं काही नाई.

त्याईची मॅडम म्हने, "गुंजन, इथं इतका वेळ काहीच नाही. बघणारा उठून जाईल. कव्हर पण अर्धवट वाटतं."

पोट्टी भ्याली नाई. अशी सरळ उभी होती. म्हने, "मॅडम, तिथं काही नाही असं नाही. तिथं माणूस आहे. यायचं राहिलंय."

मॅडम म्हने, "आणि नाहीच आलं तर?"

"तर व्हिडिओ तसाच राहील. जागा भरणार नाही मी."

"मग मार्क कमी पडले तर माझ्याकडं येऊ नकोस."

"नाही येणार," म्हने.

ह्या पोट्टीचं नाक म्या पुसलं आहे. पदर सावरला, चपला सरळ केल्या, आनखी काय करनार? आपल्याच पोरीले कोनी टाळ्या वाजवतात का? वाजवल्या मंग दोन. सगळे मांगं वळून पाहाले लागले. म्या म्हनलं, काय पाहता, मीच आहे ती पडद्यावरची. हसले सगळे. हसू दे.

बाहेर आल्यावर पोट्टी म्हने, "आजी, ऑटो करू? छोट्या आजीकडं जाऊन येऊ." म्या म्हनलं, माही गाडी चुकन. गाड्या बम होत्या. तिले बी माहीत, मले बी माहीत.

तुले काही सांगाचं नाई, अशी मीच तिले मनाई केली होती. म्हनून ही चिठ्ठी. ती चूप बसन, तशी आहे. पन तिच्या तोंडाकडं पाह्यजो.

आता कामाचं. शनवारी सकाळी व्हिडिओचं शूटिंग आहे, खालच्या वावरात. दुसरी वेचनी त्याच्यासाठी ठेवली आहे, तुहे भासरे कुरकुरून राह्यले का कापूस गळून जाईन. सेलूवरून गाडी कवा येते ते तुले माहीत आहे. भाऊजीचा निळा शर्ट इथीच पेटीत राह्यला होता. धुतला. येक बटन नव्हतं, लावलं. दोरीवर आहे. कोनासाठी धुतला असं इचारू नोको, कपडा मळला का धुवाच लागते.

मी तुले ये म्हनलं नाई. सगळी चिठ्ठी मांगून वाच, कुठीच म्हनलं नाई.

मी अलीकडच्या धुऱ्याकून उभी राहीन, अन् आपली ओळ म्हनीन:

धुऱ्याच्या पल्याड कोन वो बाई, ओटी भरली का?

तुही मोठी जाऊ,
धुरपता

याच्या खालची ओळ मी लिहीत नाई. आता काहीच लिहीत नाई.