कड्यातून गेलेला बाण

प्रिय भाऊ,

उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन अकरा महिने होत आले आणि कागद आज हाती घेतला. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून लिहायचं म्हटलं की मी टाळत राहतो, तुला ठाऊकच आहे.

वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून काल वहिनीने तुझी पेटी उघडली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेला एक बाण निघाला, आणि त्याच्या काडीत अडकवलेलं तुझ्या मंगलचं बारशाचं चांदीचं कडं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे काहून जपून ठेवलं असेल यांनी?" मी म्हणालो, काय माहीत. भाऊ, मी पुन्हा खोटं बोललो.

आठवतं ना ते पासष्टच्या लढाईचं वर्ष? लढाई थांबली होती, पण आपल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतला ओव्हरटाइम थांबला नव्हता. तरी घमापूरच्या मैदानात दसऱ्याला राम-रावणाच्या सेनांची खोटी लढाई व्हायचीच. बाण आपल्या ओसरीवर बनायचे. बरूची काडी, टोकाला जुन्या चपलेच्या रबराची चकती, वर कापूस, वर घोंगडीचा तुकडा, आणि सुतळीने आवळलेलं जाड बोंड. छातीवर बसला तरी हसू यावं असा बाण!

तपासायची रीत तुझीच होती. बोंड मंगलच्या कड्यातून गेलं नाही पाहिजे. त्याहून बारीक असेल तर ते डोळ्याच्या खोबणीत बसेल, म्हणायचास. तपासणीचं काम माझ्याकडे देताना तू काय म्हणाला होतास, ते अजून कानात आहे.

"बबन, फॅक्टरीत कड्यातून गेलं ते पास. इथं गेलं ते फेल. उलटं करून बसशील, लेका."

मी हसलो होतो. सकाळपासून बारा तास मी तेच करत होतो रे. नग उचल, गेजच्या, म्हणजे मापाच्या कड्यातून घाल, गेला की चांगल्यांत ठेव. घरी आलो, चहा घेतला, ओसरीवर बसलो, आणि हाताने सवयीने फॅक्टरीचंच काम केलं. एक बोंड सरकन गेलं, मी ते चांगल्यांत ठेवलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पाळीवर तोच हात तसाच फिरला, तेव्हा ध्यानात आलं की काल मी फेल बोंड चांगल्यांत ठेवलं. धावत मैदानात पोचलो, तर तू डोळा धरून खाली बसलेला.

तू रावणाच्या सेनेत होतास. बाण सोडला राम झालेल्या मिश्राजींनी. ते धाय मोकलून रडत होते, आणि रक्ताने भरलेला तू त्यांनाच समजावत होतास, "अरे मिश्राजी, आप तो राम हो. रावण को नहीं मारोगे तो किसको मारोगे?"

डावा डोळा गेला. नगांच्या तपासणीवरून तुला गोदामात पाठवलं. सुपरवायझर व्हायचं होतं तुला! सगळ्यांना सांगितलंस, मीच वाकलो, मीच चुकलो. मी बाजूला उभा होतो. तेव्हा का नाही बोललो मी?

त्या दिवसापासून मी सगळं तीनदा तपासतो. कुलूप, नळ, गॅसचं बटण. तू हसायचास, म्हणायचास, काहून एवढा घाबरून राहिला बे. आज कळतं, तुला कारण माहीत होतं. काल वहिनी आत गेल्यावर मी ते कडं ओढून पाहिलं. बोंडावरून सहज निघालं.

म्हणजे तू त्याच दिवशी मैदानातून बाण उचललास, घरी मोजलास आणि ठेवून दिलास. एवढी वर्षं! भाऊ, एकदा तरी मला शिवी घालायची होतीस. तुझ्या गप्प बसण्याने मला सुटल्यासारखं वाटत राहिलं, आणि मिश्राजी मात्र अडकून राहिले. त्यांनी पुन्हा धनुष्य हातात धरलं नाही. अजूनही दसऱ्याला घराबाहेर येत नाहीत.

दहाव्याला ग्वारीघाटावर कावळा शिवत नव्हता. मंगलने आईला सांभाळायचं वचन दिलं, तरी नाही. लोक माझ्याकडे बघत होते. मिश्राजी काठी टेकून माझ्या शेजारीच उभे होते. माझं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

उद्या सकाळी मी बाण आणि कडं घेऊन मिश्राजींकडे जातो. त्यांच्यासमोर बोंड कड्यातून घालून दाखवीन आणि सांगेन की तुमचा नेम चुकला नव्हता, माझा हात चुकला होता. मग वहिनीला सांगेन. वचन देतो, आणि हे तीनदा तपासायला थांबणार नाही.

वर्षश्राद्धाला गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवीन. तू रागावला असशील तरी चालेल, पण या वेळी वाट पाहायला लावू नको. लवकर कळव, भाऊ.

तुझ्या उजव्या डोळ्यासमोरून कधी न हललेला,
बबन