चार बोटं खाली

४ सप्टेंबर
मंडीत नंबर लागायला वेळ होता म्हणून चहा घेत बसलो. इरफान सांगत आला, नवी पिकअप येतेय. आहे तीच गाडी, पण तोंडवळा बदललेली. तोही माझ्यासारखा केळी वाहतो, बुऱ्हाणपूर सोडून फारसा कुठे जात नाही, पण कंपनीच्या मनातलं सगळं त्याला आधी कळतं. "रघू भाई, पीछे कॅमेरा, आगे एसी, और स्टेअरिंग ऐसा, एक उंगली से घुमाओ." एकाने विचारलं, एसी केळीला का तुला? तो म्हणाला, "पहले मुझे. केळी तो पत्ते में सोती है."
मी विचारलं, मागचा फाळका उघडला की माल भरायचा हौदा जमिनीपासून किती उंच राहील?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते कोणालाच माहीत नव्हतं.
आपली गाडी अकरा वर्षांची झाली. दिवाळीच्या मागेपुढे बदलायची हे घरात ठरलं आहे. म्हणून विचारलं, एवढंच.
एवढंच नाही. उद्या लिहितो.

६ सप्टेंबर
उद्या म्हटलं आणि दोन दिवस गेले.
सुपडूभाऊचा उजवा गुडघा. (रोज पूर्ण नाव कुठे लिहू, सु. लिहितो.) माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. या गाडीच्या आधीच्या गाडीपासून, वीस वर्षं, माझ्याकडे थप्पी तोच लावतो. खालून माणसं घड देतात, तो हौद्यात उभा राहून एकेक घड निजवतो. खाली पानं, मध्ये पानं, एकाचा दांडा दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही. त्याच्या हातची केळी मंडीत उतरली की डाग शोधावा लागतो.
पूर्वी मागच्या हुकावर पाय, दांडीला हात, की वर. आता पाय उचलतो आणि थांबतो. तेवढा वेळ मी दोरी सोडवत बसतो. दोरी सुटलेलीच असते.
वर चढता आलं नाही तर त्याला थप्पी लावता येणार नाही. आणि थप्पी सुटली की सु. घरी ओट्यावर बसून नुसता

७ सप्टेंबर
काल तेवढ्यावरच थांबलो. पुढचं लिहवलं नाही.

९ सप्टेंबर
निंबोल्याच्या मळ्यात गाडी भरली. जून महिन्यापासून मी एक करतो, ते कोणालाच सांगितलेलं नाही. गाडी लावताना सखल जागा बघतो. मागची चाकं पाटात उतरवली की हौदा एक वीत खाली येतो. सु. बांधावरून सरळ पाय टाकतो. त्याला वाटतं आज गुडघा बरा आहे. आज म्हणाला, "हे नवं तेल चांगलं लागू पडलं रे."
मी म्हणालो, लावत जा रोज.
खोटं बोललो का? सकाळी पोथीचं एक पान वाचलं, त्यात मन लागलं नाही.

१३ सप्टेंबर
वैशालीने मोबाइलवर नवी गाडी दाखवली. कॉलेजातून आली आणि दप्तर न ठेवताच, "पप्पा, सुनो ना, तुमची वाली." एक माणूस भरभर बोलत होता. दिवे असे असतील, जाळी अशी असेल, हौदा लांब होऊ शकतो, खाली येऊ शकतो. सगळं होऊ शकतो. मग एक चित्र आलं, निळी गाडी, आणि मागे बंपरमध्ये पायरी. पाऊल मावेल एवढी.
थांबव म्हणालो. तिने थांबवलं.
"पप्पा, ये असली नहीं है. कोणीतरी बनवलंय. अंदाज आहे."
असू दे. पण ज्याने गाडी बघितली नाही त्याने पायरी का काढली असेल? त्याच्या घरीही कोणाचा तरी गुडघा असेल.
ही चपात्या लाटता लाटता म्हणाली, "गाडी घ्यायचीय का जिना?"

१५ सप्टेंबर
दुपारी मळ्यात माणसं जेवत होती. मी केबिनमध्ये डोळे मिटले. केळीच्या सावलीत उजेडसुद्धा हिरवा असतो, पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं.
स्वप्न पडलं. गाडी बैलासारखी बसली. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि एक उसासा टाकला. सु. चालत आला आणि ओसरीत शिरावं तसा हौद्यात गेला. हातात घड नव्हता, आरतीचं ताट होतं. ताटातल्या दिव्याची ज्योत हलत नव्हती.
जाग आली तर तो खिडकीपाशी उभा. "काहून हसून राहिला झोपेत?"
म्हटलं, चल, माणसं उठली जेवून.

१८ सप्टेंबर
आज स्टूल नेलं होतं. लाकडी, पक्कं, वैशाली लहान असताना तिच्यासाठी केलेलं. गाडीच्या मागे ठेवलं. सु.ने बघितलं.
"हे काय रे?"
म्हटलं, असू दे, कामाला येतं.
"स्टुलावर चढून थप्पी लावू? भिंतीले चुना द्याचा हाये का?"
खालची सगळी माणसं हसली. तोही हसला. मग हुकावर पाय ठेवून एका दमात वर गेला. वर गेल्यावर बराच वेळ आमच्याकडे पाठ करून पानं सारखी करत होता.
चूक झाली. माणसाने दिलेलं त्याला चालणार नाही. गाडीच खाली आली तर ते कोणी दिलेलं नसेल. कंपनीला सु. माहीत नाही, सु.ला कंपनी. कोणी कोणाचे उपकार फेडायला नकोत.
स्टूल घरी आणलं. हिने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

१९ सप्टेंबर
मारुतीला गेलो. देवाकडे काही मागायचं नाही असा नेम आहे, वडिलांपासून. नुसता उभा राहिलो. पण हौद्याची उंची मनात होती, आणि त्याला मनातलं दिसतंच. म्हणजे नेम मोडला की राहिला?

२४ सप्टेंबर
बघितली. नवी गाडी बघितली.
असीरगढच्या खाली ढाब्यावर उभी होती. अंगभर काळेपांढरे नागमोडी पट्टे चिकटवलेले, डोळे ठरत नाहीत, कुठे कड आहे कुठे खाच, कळत नाही. आत दोन माणसं होती, ती जेवायला उतरली. म्हणाली, टेस्टिंगची आहे, घाट चढवून बघतोय. फोटो काढू नका.
फोटो कशाला. चहाचा ग्लास घेऊन तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. आपल्या गाडीचा हौदा माझ्या कंबरपट्ट्याला लागतो. हिचा पट्ट्याच्या खाली. चार बोटं खाली. दोनदा उभा राहून बघितलं, एकदा चप्पल काढून.
पायरीच्या जागी पट्टे चिकटवलेले. असेलही, नसेलही.
वर किल्ल्यावर ऊन होतं. गाडी निघाली आणि पट्ट्यांसकट झाडीत मिसळून गेली. नवरात्राचा तिसरा दिवस. हात जोडले. मागितलं नाही, नुसते जोडले.

२५ सप्टेंबर
राहवलं नाही. सु.ला सांगितलं. गुडघ्याचं नाव काढलं नाही. म्हटलं, नवी गाडी चार बोटं खाली आहे भाऊ, भरायला सोपी पडेल.
तो पानं मोजत होता. मान वर केली नाही.
"रिकामी होती का भरेल?"
भरलेली? मला ढाब्यावरची ती गाडी आठवली.
ताडपत्री बांधलेली होती. खाली वाळूची पोती असणार, घाट चढवायला वजन लागतं. भरली की कुठलीही गाडी बसते. आपलीही बसते, चार बोटं, कधी पाच. वीस वर्षं हेच काम करतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.
"भरेल असन," तो म्हणाला. मग पानं खाली ठेवून, "तरी सांग, रंग कोणता हाये?"

२९ सप्टेंबर
आज वाईट झालं.
कालपासून मळ्यात पाणी सोडलेलं, पाट भिजलेला. तरी मागची चाकं उतरवली. भरून झाल्यावर गाडी हलेना. चाकं आत आत गेली. ट्रॅक्टर बोलावून ओढावी लागली. ओढताना मधली थप्पी हलली, दांडे घासले, सु.ने निजवलेली केळी काळी पडली.
इरफान शेजारच्या मळ्यात भरत होता, तो आला. "रघू भाई, सामने इतनी पक्की जमीन, और आप नाली में?"
सु.ने कडक रानाकडे बघितलं. मग पाटाकडे, मग बांधाकडे. मागच्या महिन्यात गाडी कुठे होती, त्याच्या मागे कुठे होती, हे तो आठवत होता. मला दिसत होतं.
"तेल नव्हतं तर," एवढंच म्हणाला.
परत येताना केबिनमध्ये बसला नाही. मागे उभा राहिला. घराशी उतरताना मी दोरी सोडवायला गेलो नाही. त्यालाही माहीत आहे आता, दोरी सुटलेली असते.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडी धुतली. झेंडूचा हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. दरवर्षी सु. येतो आणि थप्पीच्या वेळी खांद्यावर टाकतो ते गोणपाट बॉनेटवर ठेवून त्यालाही फूल वाहतो. वाट बघितली. ही म्हणाली, उरकून घ्या, ऊन चढलं. उरकलं. बॉनेटवर गोणपाटाची जागा मोकळी ठेवली. का ठेवली, माहीत नाही.
संध्याकाळी त्याच्याकडे सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं घेतली, मला दिली, पाया पडू दिलं नाही. "मोठा होय." नेहमीचाच आशीर्वाद. वहिनींनी चहा दिला. गुडघ्यावर फडकं बांधलेलं होतं, ते त्याने धोतराने झाकलं.

८ ऑक्टोबर
दसऱ्यानंतरही सु. कामावर आला नाही. दुसरा माणूस लावला थप्पीला. तगडा आहे, उडी मारून वर जातो. घड टाकतो. निजवत नाही, टाकतो. मी खालून म्हणालो, हळू. तो म्हणाला, "केळी है काका, काच नहीं."
वैशाली सांगते, मोबाइलवर आता नवीन बातमी आहे. हौदा खाली नाही, उलट वर जाणार, मोठी चाकं येणार. परवा दुसऱ्या व्हिडिओत म्हणत होते, खालीच. रोज गाडी थोडी वर जाते, थोडी खाली येते. मी ऐकत राहतो. झोप लागेपर्यंत ती तशी वरखाली होत असते, नदीतल्या होडीसारखी.

१४ ऑक्टोबर
निंबोल्याच्या मळ्यात पोचलो तर सु. आधीच बांधावर बसलेला. खांद्यावर गोणपाट. मी गाडी कडक रानात लावली, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी.
तो उठला. गाडीभोवती फिरला. खिडकीशी आला.
"पाटात लाव."
पाट ओला आहे का ते बघायला मी मान बाहेर काढली.
"सुकेल हाये, पाहून आलो मी. मागची चाकं पाटात लाव. पण मले सांगून लावत जाय, रघू. मी का तान्हं पोर हाये, झोपेत पाळण्यात ठेवाले?"
लावली. सगळ्यांच्या देखत. खालून कोणीतरी काहीतरी म्हणायला लागला, सु. म्हणाला, "घड दे. तोंड मागून चालव."
बांधावरून पाय टाकला. आजही मध्ये थांबला, वीतभर चढायलासुद्धा जड जात होतं. मी दुसरीकडे बघितलं नाही. त्याने हात पुढे केला नाही, मीही दिला नाही. गेला वर.
थप्पी बघत राहिलो. एकेक घड, पाठीला पान, मग पुढचा.
पाट प्रत्येक मळ्यात नसतो. आणि गुडघा आहे तिथे थांबणारा नाही. हे दोघांनाही कळतं.

२७ ऑक्टोबर
आज मंडीतून परतताना तो म्हणाला, "शोरूमच्या रस्त्यानं घे." वळवली.
नवी गाडी आवारात उभी होती. कालच उतरवली असं म्हणाले. वरून खालपर्यंत राखाडी कापड, दोरीने बांधलेलं. चार दिवसांनी पडदा काढणार, तोवर कोणाला दाखवायची नाही. देवळात मूर्ती बसवायच्या आधी झाकून ठेवतात तशी दिसत होती. वारा आला की कापड फुगे आणि आत श्वास घेतल्यासारखं वाटे.
सु.ने वाकून चाकांकडे बघितलं. टायर दाबून बघितला. "रिकामी हाये," म्हणाला.
मग मागे गेला. चांगला गुडघा जमिनीला टेकवून बसला आणि कापडावरून वीत लावायला लागला. जमिनीपासून एक. दोन. आपल्या गाडीचा हौदा बरोब्बर चार विती, ते त्याच्या बोटांना पाठ आहे. तिसरी वीत लावली. कापड तिथे फुगलेलं होतं, तो ते तळहाताने हळूच चापून बसवत होता, आतली कड चाचपत.
"ओ चाचा, हाथ मत लगाओ," चौकीदार ओरडत आला.
सु. उठला. उठायला वेळ लागला. अंगठा आणि करंगळी ताणलेलीच होती, तसाच हात घेऊन गाडीपर्यंत चालत आला. केबिनमध्ये बसल्यावर हळूहळू मूठ मिटली.
तापीच्या पुलावर मी विचारलं, कड लागली का?
तो पाण्याकडे बघत होता. पुढे निघून गेलो तरी मान तिकडेच.
"कापड निघू दे," म्हणाला.