विषय: पांढरा पाव ऊर्फ साइ

आदरणीय सालमेताई यांस,

नार्वाच्या आर्कादीचा हात धुऊन, पुसून आणि नखांतलं पीठ काढून केलेला नमस्कार पोचावा.

तुमची तब्येत कशी आहे? डाव्या गुडघ्याचं दुखणं उजव्यात गेलं असं हेल्मीबाई म्हणाल्या होत्या. ते तिथेच थांबलं असेल अशी आशा करतो, कारण त्यापुढे जायला त्याला जागा नाही. विल्यांदीत यंदा सफरचंदं कशी आहेत? इथे इतकी पडली आहेत की शेजारच्या एंदेलची डुकरंही आता तोंड फिरवतात. मी कोण हे तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही बहिणीकडे आलात तेव्हा गोठ्याच्या शिडीवर जो माणूस होता, तो मी. तुम्ही मला फक्त पाठमोरा पाहिलात आणि 'हे कोण?' असं विचारलंत. हेल्मीबाईंनी 'छप्पर' एवढंच उत्तर दिलं. ते छप्पर होऊन आता वर्ष उलटलं. मी अजून इथेच आहे, अंगणापलीकडच्या वाफेच्या न्हाणीघराच्या पुढच्या खोलीत. पंप दुरुस्त केला, कुंपण केलं, कोंबड्यांना नवीन घर केलं, आणि दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चांगल्या चाललेल्या गोष्टी हळूच बिघडवून पुन्हा दुरुस्त केल्या. (हे हेल्मीबाईंना सांगू नका. त्यांना बहुतेक माहीत आहे.)

पत्र लिहिण्याचं विशेष कारण नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही काय म्हणालात ते मला कळेपर्यंत तुम्ही फोन ठेवून चहाला गेलेल्या असता. कागदावर मला शब्दकोश जवळ घेऊन बसता येतं. तुमच्या भाषेत लिहिलेलं हे माझं आयुष्यातलं पहिलं पत्र आहे. साठ वर्षं याच देशात काढून ही भाषा येत नाही म्हटल्यावर लोक बघत राहतात. पण नार्वा पडलं रशियाच्या सीमेवर; आमच्या गल्लीत सगळे रशियन बोलणारे, गिरणीत सगळे रशियन बोलणारे, आणि आमची मांजरंसुद्धा त्याच भाषेत भांडायची. मला दोन शब्द यायचे, 'नमस्कार' आणि 'धन्यवाद', आणि त्या दोहोंच्या मध्ये काय बोलायचं असतं याची मी कधी चौकशी केली नाही. तुमच्या बहिणीने ती करायला लावली. पहिल्याच महिन्यात, मी जेवणाच्या टेबलावर बोटाने मीठ दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या टेबलावर जेवायचं असेल तर माझ्या भाषेत मागा." मी पाच दिवस अळणी जेवलो. सहाव्या दिवशी वाचनालयातल्या बुधवारच्या वर्गात नाव घातलं.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी हेल्मीबाई बटाटे सोलत असताना म्हणाल्या की, तुमच्या वयाच्या माणसाने न्हाणीघरात दुसरा हिवाळा काढणं बरं नाही. एक तर नार्वाला परत जा, नाही तर घरात राहायला या. मी विचारलं, यातलं कोणतं? त्या म्हणाल्या, ते मी हाप्सालूच्या आरोग्यधामात, उपचाराच्या चिखलाच्या टबात बसून ठरवीन आणि परत आले की सांगेन. त्या येत्या रविवारी येणार आहेत. ताई, मला नार्वाला जायचं नाही. तिथे माझं एक कपाट आणि एक खिडकी आहे, आणि दोन्हींतून एकच भिंत दिसते. इथे सकाळी कोणीतरी मला 'चिखलाचे बूट बाहेर' असं म्हणतं. एवढ्या एका वाक्यासाठी मी भाषा शिकतो आहे, असं म्हटलं तरी चालेल.

तर, शिकण्याबद्दल. आमच्याकडे पाव म्हणजे पाव. काळा असला तर काळा पाव, पांढरा असला तर पांढरा पाव, पुढे रंग लावला की काम झालं. मी वर्गात 'लेइब' म्हणजे पाव असं पाठ केलं, 'पांढरा' हा शब्द आदल्या आठवड्यात झालेलाच होता, आणि मोठ्या आत्मविश्वासाने एर्नाबाईंच्या दुकानात जाऊन एक पांढरी लेइब मागितली. एर्नाबाई म्हणाल्या, "तशी वस्तू नसते." ती वस्तू त्यांच्या मागेच फळीवर होती, एकूण सहा नग. मी बोट दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ती साइ." मी म्हटलं, साइ म्हणजे पांढरी लेइबच ना? त्यावर दुकानातल्या तिन्ही बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी म्हशीला काळी गाय म्हटलं होतं. लेइब ती लेइब, काळ्याच पिठाची; साइ ती साइ. एक माणसाला जगवते, दुसरी खाऊ आहे. हे मला एका म्हातारीने माझी बाही धरून समजावलं, आणि शेवटी मला साइ विकत मिळाली.

त्या दिवसापासून ताई, मी त्या शब्दाच्या प्रेमात पडलो. एवढासा शब्द, तोंड उघडलं की पडतो, चुकायला जागाच नाही. बाकीचे तुमचे शब्द म्हणजे जिभेचा व्यायाम. (चौदा विभक्त्या. आमच्या सहा मी अजून पुरत्या वापरलेल्या नाहीत.) मी रोज दुकानात जाऊन साइ मागायला लागलो, केवळ अस्खलित बोलल्याच्या आनंदासाठी. दोन आठवड्यांत न्हाणीघरात अकरा साइ जमल्या. कोंबड्यांना घातल्या, तर त्या इतक्या फुगल्या की अंडी द्यायचं विसरल्या. हेल्मीबाईंनी एक कोंबडी उचलून तोलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "उद्यापासून 'लोणी' हा शब्द शिका. तेवढं तरी टिकतं."

अर्धवट ज्ञानाचा खरा प्रताप एंदेलच्या घरी दिसला. एंदेल म्हणजे तुमच्या माहेरचा शेजारी, तुम्ही त्याला लहानपणी बांधावरून ढकललं होतंत असं तो अजून सांगतो. त्याची आई वारली, दफनानंतरच्या जेवणाला मी गेलो. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की, जेवणाऱ्या माणसांत शिरताना 'तुमची लेइब न सरो' असं म्हणायचं असतं. मी दारातून पाहिलं तर टेबलावर गोड, मनुका घातलेला पांढरा पाव. आता मी जाणता झालो होतो. लेइब नाहीच तिथे, तर लेइब न सरो कसं म्हणायचं? मी टोपी काढली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तुमची साइ न सरो." तीस माणसं गप्प झाली. तशी ती आधीही गप्पच होती, पण ही शांतता निराळी, माझ्यासाठी खास केलेली. कोणी रागावलं नाही, कोणी हसलं नाही, माझी चूकही सांगितली नाही. मी सूप पिऊन घरी आलो. चार दिवसांनी, गुरुवारी दुपारी, एंदेल कुंपणाशी आला, कुंपणाला धरून उभा राहिला आणि पोट धरून हसला. डोळे पुसत म्हणाला, "आई असती तर तिने तुला मांडीवर घेतलं असतं." आता सगळं गाव मला तोच आशीर्वाद देतं, मी जेवत असो वा बसची वाट बघत असो. मीही देतो. एकदा हातातली साइ दुकानात जमिनीवर पडली, तर मी तुमच्या रिवाजाप्रमाणे उचलून तिचा मुका घेतला. एर्नाबाई म्हणाल्या, "तिचा मुका घ्यायचा नसतो, तो लेइबचा." मग मला कोणीतरी आधी यादी का देत नाही?

पण मुद्दा हा नाही. गेल्या हिवाळ्यात हेल्मीबाई एकदा आपण होऊन बोलल्या होत्या. लहानपणी साइ फक्त नाताळला मिळायची, तीही तुम्हा दोघींत एक तुकडा, आणि सालमे मोठी म्हणून कडेचा कुरकुरीत भाग घ्यायची. एवढंच. हेल्मीबाईंच्या हिशेबाने ते भाषण झालं. मला मात्र ते लागून राहिलं. मी ठरवलं की त्या हाप्सालूहून येतील तेव्हा टेबलावर आख्खी साइ असेल, दुकानातली नव्हे, माझ्या हातची, चारही कडा त्यांच्या. आणि मग त्यांना सांगायचं ते सांगू देत. गेल्या शनिवारपासून रोज एक भाजतो आहे. पहिलीने एंदेलचं फाटक अडवून धरलं आहे, दुसरी कोंबड्यांनी नाकारली, तिसरी मी स्वतः खाल्ली आणि शिक्षा भोगली. आजची चौथी एका बाजूने जळली आहे, पण दुसऱ्या बाजूला पावाचं लक्षण दिसतं. मळायला स्वयंपाकघरातली ती जुनी लाकडी काथवट घेतली, स्वच्छ करून.

बाकी इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्यांना आणि मांजरीला नमस्कार.

तुमचा नम्र,
आर्कादी (छप्पर)

ता. क. — वर 'स्वच्छ करून' असं लिहिलं आहे, त्याबद्दल थोडं. काथवटीच्या आत काळ्या, वाळलेल्या पिठाचे पोपडे होते. पांढऱ्या पिठात ते नकोत म्हणून मी शनिवारी गरम पाणी, सोडा, साबण आणि तारेचा ब्रश घेऊन दोन तास बसलो. अंग मोडलं, पण काथवट अशी निघाली की आतून लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. विहिरीच्या झाकणावर उन्हात वाळत घातली आणि स्वतःवर खूश होऊन बाजूला उभा राहिलो. तेवढ्यात एंदेल आला. वाकून आत बघितलं. "धुतलीस," म्हणाला. मी म्हटलं, हो. "साबणाने?" मी म्हटलं, सोडाही घातला. त्याने टोपी काढली. दर दुसऱ्या शनिवारी ज्यावर हेल्मीबाईंची लेइब फुगते ते तुमच्या आजीचं विरजण त्या पोपड्यांतच राहत होतं, हे मला त्याच्याकडून कळलं. नव्वद वर्षं एकही बाई ती काथवट धूत नव्हती, कारण ती धुवायची नसतेच. ताई, हेल्मीबाईंनी निघताना मला एकच गोष्ट सांगितली होती, 'कशाला हात लावू नका', आणि मला वाटलं, माझी दमणूक होऊ नये म्हणून सांगतायत. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

ता. क. दुसरा — तुमचं लग्न झालं तेव्हा त्याच विरजणाचा एक गोळा तुम्ही विल्यांदीला नेलात असं एंदेल म्हणतो. तुमच्या विरजणाबद्दल हेल्मीबाई काय म्हणतात ते मी लिहीत नाही. (शहरात राहून गोडं पडलं असं म्हणतात.) मूठभर द्याल का? बरणीत घालून, गावातल्या दुकानाबाहेर पार्सलचं कपाट आहे त्यात माझ्या नावावर पाठवा, शनिवारपर्यंत. विरजण मागू नये, मागितलं की देणाऱ्या घराची बरकत जाते, हेही एंदेलने सांगितलं. म्हणून मी मागत नाही. तुम्ही चुकून पाठवा. टपालगाडी उद्या दहाला येते, तोवर पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवतो.

ता. क. तिसरा, हा त्याच्या हातचा नाही — सालमे, मी हेल्मी. पाकीट उघडंच होतं. एर्नाने काल मला फोन करून काथवट उन्हात घातल्याचं सांगितलं. सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला माहीत नाही असं या माणसाला वाटतं. मी चिखलाच्या टबात अर्धा तास रडले. नर्सला वाटलं चिखल गरम आहे, तिने गार पाणी घातलं. आजीच्या हातचं तेवढंच उरलं होतं गं. मग मी पाच दिवस आधीच, दुपारच्या बसने निघाले, याला सामानासकट नार्वाच्या गाडीत बसवायचं ठरवून. घरात आले तर टेबलावर फडक्याखाली एक जळकी साइ. बसमध्ये काही खाल्लं नव्हतं. उभ्याउभ्याच अर्धी संपवली, कडांसकट. वेलची फार घातली आहे.

विरजण पाठव, मी तुझ्या विरजणाला काय म्हणाले ते विसर. दोन बरण्या पाठव, एक मी कुलपात ठेवीन. पत्रात सोळा चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या, विषयातली एक सोडून. ती चांगली होती. मला बघितल्याबरोबर तो 'लाकडं कमी पडतील' म्हणत शेडात गेला, तो दोन तास झाले तरी आत आलेला नाही. घरात राहायला या, हे मी त्याला रविवारीच सांगणार आहे, कबूल केलं होतं तसं. घाबरलेला असला की लाकडं फार छान फोडतो, आणि यंदा थंडी लवकर आहे.