न आलेल्या पुस्तकाचं परीक्षण

कोपरखैरणे,
सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७

प्रिय ज्ञाने,

सुटले गं बाई, एकदाची सुटले! काल दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सुटले. पत्राची सुरुवात खुशाली विचारून करायची असते एवढं मलाही कळतं, पण आधी हे लिहिलं नाही तर माझ्या पोटात राहायचं नाही. दहा महिने छातीवर धोंडा घेऊन हिंडत होते. काल वाशीच्या शाळेच्या हॉलमध्ये, पन्नास माणसांसमोर, तो उतरवून ठेवला. आता फक्त तू राहिलीस. मार्चपासून तुझी एक ओळ नाही. का नाही ते मला माहीत आहे, आणि चूक माझीच आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते. हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पूर्ण वाचून मग फाड.

इकडे सगळं ठीक. आज दुकान बंद, म्हणून निवांत बसलेय. झेरॉक्सचं नवीन मशीन आलंय, दोन्ही बाजूंनी छापतं, त्यामुळे शेठचा रुबाब वाढलाय आणि माझं काम दुप्पट. आप्पांची पाठ अधूनमधून धरते, तरी पहाटे कांदा-बटाटा मार्केट चुकत नाही. गोण्या उचलायच्या कमी केल्यात, आता टोळीतल्या तरण्यांवर ओरडायचं काम जास्त करतात. आई तुझी आठवण काढते. कोरेगावचं पाणी ज्ञानूला मानवलं का, असं दर महिन्याला विचारते, आणि मी दर महिन्याला हो गं, मजेत आहे, असं सांगते. म्हणजे बघ, तुझ्याबद्दलसुद्धा मी न वाचता परीक्षणं देत होते.

आपण ‘आवक’ सुरू केली तेव्हा आपल्याला काय दहा माणसं वाचतील असं वाटलं होतं. मार्केटात फळ्यावर रोज आलेल्या मालाची आवक लिहितात, तशी आपण महिन्याची लिहायची. विज्ञानकथेचं नवं पुस्तक कुठलं आलं, राक्षस-जादूगारांचं कुठलं, कुठल्या दिवाळी अंकात परग्रहावरची गोष्ट आहे, व्हिडिओ लायब्ररीत कुठली कॅसेट पोचली. नाव आप्पांनी सुचवलं आणि तू उडीच मारलीस. दुकान बंद झाल्यावर शेठच्या परवानगीने आपण आठ पानं झेरॉक्स करायचो, तू स्टेपल मारायचीस आणि मी पत्ते लिहायचे. आणि तुझा तो नियम. स्वतः वाचल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. मी किती चिडायचे त्यावर! अगं महिना संपत आला, लिहून टाकू ना, म्हणायचे, आणि तू तुझे ते मोठे डोळे वटारायचीस. मग तुझं लग्न झालं, तू गेलीस, पाकिटं वाढत वाढत एकशेवीस झाली, आणि डोळे वटारायला कुणी उरलं नाही.

त्यात डोंबिवलीच्या सुभाषने स्वतःचं पत्रक काढलं. तू गेल्यानंतरचा हा प्राणी. माणूस वाईट नाही, पण पुस्तक छापखान्यातून बाहेर पडायच्या आत याला कळलेलं असतं. मी पहिल्या तारखेला अंक काढला की हा मागच्या महिन्याच्या अठ्ठावीसलाच काढून मोकळा. लोक मला लिहायला लागले की मॅडम, तुमची आवक हल्ली शिळी असते. शिळी! मला काय झोंबलं म्हणून सांगू.

तर गेल्या डिसेंबरात प्रकाशकाची यादी आली, त्यात करावे गावच्या धर्मराज सरांची कादंबरी होती, ‘सातवं मिठागर’. सर तुला माहीतच आहेत, खाडीकाठचे, निवृत्त मास्तर. त्यांच्या मिठागराच्या ग्रहावरच्या गोष्टी आपण दिवाळी अंकांतून कापून ठेवल्या होत्या. यादीत आठ ओळींची माहिती आणि खाली ‘डिसेंबरअखेर प्रकाशित’. अठ्ठावीस तारीख उजाडली, पुस्तक काही दिसेना. मी म्हटलं, चार दिवसांत येतंच आहे, पात्रं आपल्या ओळखीची आहेत, सरांची लिहिण्याची ढब ठाऊक आहे. बसले आणि पानभर परीक्षण ठोकून दिलं. शेवट काही माहीत नव्हता, म्हणून शहाणपणा करून लिहिलं की शेवटच्या प्रकरणाबद्दल मी काहीच सांगणार नाही, ते ज्याने त्याने वाचावं आणि थोडा वेळ गप्प बसावं. काय वाक्य होतं! मलाच वाचून भरून आलं.

पुस्तक जानेवारीत आलं नाही. फेब्रुवारीत नाही. आणि ज्ञाने, तोवर पत्रं यायला लागली. उरणच्या कंटेनर डेपोतला इंद्रजित आहे ना, त्याने लिहिलं की शेवटचं प्रकरण मी तीनदा वाचलं आणि खरोखर गप्प बसलो. एकाने लिहिलं, म्हातारीचं पात्र काळजाला भिडलं. कुठली म्हातारी? मी म्हातारी लिहिलीच नव्हती! आणि सुभाषने तर कमाल केली. पत्रकात छापलं की कादंबरी उत्तम, पण शेवटचं प्रकरण जरा ताणलंय. अशी चौदा पत्रं आली. पहिल्या दोनांना मी हसले. तिसऱ्याला घाबरले, की पुस्तक खरंच आलंय आणि मलाच मिळालं नाही की काय? प्रकाशकाला कार्ड टाकलं, तर उत्तर आलं की लेखकाकडून हस्तलिखित पूर्ण झालेलं नाही. मग मात्र सगळं लख्ख कळलं. एक माणूस खोटं बोलला तर तो खोटारडा. पण माझ्यामुळे चौदा चांगली माणसं खोटं बोलली होती, का, तर आपण मागे पडलो असं कुणाला दिसू नये म्हणून. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली असती तर भागलं असतं. नाही छापली. आज छापू, उद्या छापू करत राहिले, आणि अंकामागून अंक गेले.

त्या सगळ्यांत फक्त तूच सरळ विचारलंस. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, की साताऱ्यातली दोन्ही दुकानं पालथी घातली, एकाला पुण्याला फोन करायला लावला, कुठेच नाही, तुला कुठून मिळालं ते कळव. आणि मी काय उत्तर दिलं ते मला पाठ आहे, तुलाही असणार. खेड्यात राहून आणि संसारात पडून माणसाला सगळंच कसं मिळेल, तू आता या धावपळीत पडू नकोस, असं लिहिलं मी. तुला! जिने मला पहिलं पुस्तक हातात दिलं, तिला. उत्तर देता येईना म्हणून मी तुझ्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, मुद्दाम, जाणूनबुजून. लाज वाटते गं.

मग गेल्या महिन्यात आम्हा वाचकांच्या वार्षिक मेळाव्याची निमंत्रणपत्रिका झेरॉक्सला आली, आमच्याच दुकानात. सुभाषने मजकूर लिहिला होता. प्रमुख पाहुणे धर्मराज सर, आणि त्यांच्यासमोर ‘सातवं मिठागर’ या कादंबरीचं रसग्रहण करणार सुनयना! मला न विचारता, मला खूश करायला. माझ्याच हाताने मी माझ्या फाशीच्या दीडशे प्रती काढल्या. तीन आठवडे जेवण गोड लागलं नाही. ताप आल्याचं सोंग घ्यावं, गावी जावं, पाय मुरगळावा, सगळं ठरवून झालं. आईने तर कुणी मुलगा-बिलगा आहे का म्हणून विचारलं.

शेवटी आप्पांना सांगितलं. मला वाटलं हसतील, नाहीतर ओरडतील. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, आगं, मार्केटात बी असंच चालतंय. गाडी अजून घाटात असती आन हितं तिच्या मालाचा भाव फुटल्याला असतो. पर गाडी आली न्हाई, तर ज्यानं येतीया म्हून सांगितलं, त्यानंच समद्या गाळ्यांवर फिरून सांगायचं असतंय, की गाडी न्हाई. दुसऱ्याच्या तोंडनं कळलं तर त्याच्या शब्दावर पुन्ना कोन इस्वास ठेवत न्हाई. एवढं बोलून आमटी वाढ म्हणाले. झालं.

काल हॉल गच्च भरला होता. पुस्तकांच्या अदलाबदलीचं टेबल, चहा, बटाटेवडे, आणि पनवेलचा एक पठ्ठ्या थर्माकोलचा अंतराळवीर होऊन आलेला, त्याला खुर्चीत बसताच येईना. मी उभी राहिले. हातात कागद नव्हताच. म्हटलं, मी हे पुस्तक वाचलेलं नाही. कुणीच वाचलेलं नाही, कारण ते आलेलंच नाही. परीक्षण मी मनाने लिहिलं, सुभाषच्या आधी छापायचं होतं म्हणून. सरांची आणि तुम्हा सगळ्यांची माफी मागते. घड्याळाकडे नजर गेली तर सव्वाबारा. सुभाष बिचारा ताडकन उठला आणि म्हणाला, मॅडम गंमत करतायत, माझ्या घरी प्रत आहे. त्यावर धर्मराज सर त्यांच्या आगरी बोलीत इतक्या शांतपणे म्हणाले, तुझ्या घरा हाय? मंग मना आनून दे बाबा, मना पन वाचाचाय. त्याचा शेवट कनचा केलाय मीनी, ता माझा मनाच अजून सुचला नाय!

अगं, जो हशा पिकला! सुभाष लालबुंद होऊन खाली बसला, आणि मग स्वतःच हसायला लागला. इंद्रजितने हात वर केला, मीही वाचलं नाही म्हणाला. मग मागून एक हात, मग दुसरा, करत करत तेरा-चौदा हात वर. माणसं एकमेकांकडे बघून अशी हसत होती, जशी काही परीक्षा रद्द झाली. थर्माकोलवाल्याचा तर एक खांदाच निखळला. सर मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले की रागावण्यासारखं आहे, आणि थोडा रागावलोही आहे, पण तीन वर्षं पुस्तक अडलं होतं, कुणी वाट बघत असेल असं वाटलंच नव्हतं. एवढ्या लोकांनी वाचल्याचं खोटं सांगितलं म्हणजे वाचायचं खरंच आहे, तेव्हा आता बसतो लिहायला. त्यांच्या पाया पडले मी. काल आडवी झाले ती सकाळी सातला आप्पा परत आले तेव्हाच उठले. दहा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

आता ते राहिलेलं. मी वर चौदा पत्रं आली असं लिहिलं. खरं तर पंधरा होती. पंधरावं तुझं कार्ड, मार्चमधलं, एवढुशा अक्षरातलं. ‘मिळालं. वाचलं. छान आहे. शेवट आवडला.’ बस. खाली नेहमीची ‘तुझीच’सुद्धा नाही. ते वाचताना तू खोटं लिहिलंस हे जगात एकट्या मला कळत होतं, आणि तुला तसं लिहायला मीच लावलं हेही. तुला, डोळे वटारणारीला. तेव्हाच उलट टपाली कबूल करायला हवं होतं. केलं नाही, कारण मग मी कोण ठरले असते? ते कार्ड मी कुणाला दाखवलं नाही आणि अंकात छापलं नाही. इतरांना काल सगळ्यांसमोर हात वर करून मोकळं होता आलं, तू तिथे नव्हतीस, म्हणून हे पत्र. ज्ञाने, तू काहीही चुकवलं नव्हतंस. तू मागे पडली नव्हतीस. साताऱ्याच्या दुकानात पुस्तक नव्हतं कारण ते कुठेच नव्हतं, आणि तुझा पहिला प्रश्न बरोबर होता. सोबतच्या पाकिटात सरांच्या हस्तलिखिताची झेरॉक्स आहे, एकवीस प्रकरणं, त्यांच्या पिशवीतच होतं, त्यांना विचारून काल संध्याकाळीच दुकानात काढलीय, शेवटचं सोडून. जमलं तर वाच. आवडलं नाही तर तसं लिही. वाचायचं नसेल तर ‘वाचलं नाही’ एवढंच लिही. तुझ्या अक्षरात ते दोन शब्द आले तरी मी आईला सांगेन की ज्ञानूचं पत्र आलंय.

तुझीच, तू म्हणशील तर,
सुनयना